खांदा बोलतो तेव्हा ऐका: पोहणाऱ्यांची दुखापत आणि परतीची वाट

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल, तर हे शब्दांकन वाचा. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त अडखळलो ते काढून टाकलंय.

मी मूळचा नरसी नामदेवचा, हिंगोली जिल्हा. संत नामदेवांचं गाव, कयाधू नदीकाठचं. पण पोहायला मी नदीत नाही, विहिरीत शिकलो. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि आबांनी वरून ढकलून द्यायचं, एवढंच आमचं कोचिंग. पुढं शाळेच्या स्पर्धा जिंकत गेलो, मग शहरात राहून तलावात रोजचा सराव सुरू झाला. सतरा वर्षांचा होतो आणि राज्य स्पर्धेला सहा आठवडे उरले होते, तेव्हा उजवा खांदा दुखायला लागला.

मी काय केलं? लपवलं. कोचला सांगितलं असतं तर टीममधून नाव गेलं असतं, अशी भीती. रोज सकाळी एक पेनकिलर घ्यायची आणि पाण्यात उतरायचं. तिसऱ्या आठवड्यात शर्ट घालताना हात वर जाईना. सुट्टीला गावी गेलो तर आबांनी दारातच ओळखलं. म्हणाले, "काहून रे, हात असा धरून चालतोस?" स्पर्धा गेलीच, वर चार महिने पाण्याबाहेर काढावे लागले.

नेमकं बिघडतं काय?

आधी हिशोब करू. रोज सहा किलोमीटर पोहणारा मुलगा म्हणजे ५० मीटरच्या १२० फेऱ्या. एका फेरीला साधारण ४० स्ट्रोक धरले तर दिवसाला ४,८०० होतात. म्हणजे एका हाताचे २,४००. आठवड्यात सहा दिवस सराव असेल तर एकच खांदा चौदा हजारांहून जास्त वेळा डोक्यावरून फिरतो. एवढं तर क्रिकेटमधला फास्ट बॉलरसुद्धा हात फिरवत नाही.

आता सांध्याची रचना बघा. कमरेचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचं तसं नाही, तो बशीत ठेवलेल्या चेंडूसारखा. म्हणून तर हात सगळीकडं फिरतो. पण चेंडू बशीतून घसरू नये म्हणून चार छोटे स्नायू त्याला धरून ठेवतात. त्यांना म्हणतात रोटेटर कफ. हे चौघं थकले की चेंडू किंचित वर सरकतो आणि वरच्या हाडाखाली स्नायूबंध चिमटला जातो. हजारो वेळा चिमटला की सूज येते. १९७४ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलं, 'स्विमर्स शोल्डर'.

यात अजून एक भर पडते. पाणी मागं ओढताना छातीचे आणि पाठीच्या बाजूचे मोठे स्नायू दणकट होतात, पण खांद्यामागचं पातं सांभाळणारे स्नायू मागं पडतात. खांदे पुढं झुकतात. त्यात आपण दिवसभर मोबाइलवर वाकलेले. हो, आत्ता हे वाचतानासुद्धा. जरा सरळ बसा बरं!

खांद्याशिवाय ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा आतल्या बाजूनं दुखतो, कारण ती किक गुडघ्याला बाहेर पिळते. बटरफ्लायवाल्यांची कंबर बोलते.

बरं होणं म्हणजे झोपून राहणं नव्हे

मला भेटलेल्या फिजिओंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पेनकिलर दुखणं बरं करत नाही, फक्त घंटी बंद करते. दोन, पूर्ण विश्रांतीनं स्नायू आणखी कमजोर होतात, म्हणून भार कमी करायचा, हालचाल बंद नाही करायची.

मग क्रम असा होता. आधी दुखणारी हालचाल थांबवली. पाण्यात फक्त पायांची किक, तीही हात शरीराजवळ ठेवून. बोर्ड पुढं धरला की खांद्यावर ताण येतो. मग रबरी बँडचे व्यायाम, दिसायला पोरखेळ, पण घाम काढणारे. मग स्ट्रोकची दुरुस्ती. माझा हात पाण्यात शिरताना डोक्याच्या रेषेपलीकडं जात होता, अंगठा आधी घुसत होता. दोन्ही सवयी खांदा चिमटणाऱ्या. शेवटी अंतर हळूहळू वाढवलं. आज ४०० मीटर, दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तरच पुढं.

सगळ्यात अवघड होतं ते मनाचं. मित्र रोज टायमिंग टाकायचे ग्रुपवर आणि मी घरी बँड ओढत बसलेलो. त्या वर्षी आषाढीनंतरच्या परतवारीला गावी होतो. वारकरी मुक्कामाला थांबलेले, कुणी पायाला तेल चोळतंय, कुणी फोडाला पट्टी बांधतंय. आबा म्हणाले, "मुक्काम केला म्हणून वारी मोडते का?" ते वाक्य डोक्यात बसलं.

आपल्या मातीतली दोन नावं

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं त्यांच्याकडं आलं ते उपचार म्हणून. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, जमिनीवर न जमणारी हालचाल तिथं जमते. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत मारली. विश्वविक्रम, आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ला. 'चंदू चॅम्पियन' बघितला असेल तर हेच ते.

दुसरा कोल्हापूरचा वीरधवल खाडे. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकला उतरला तेव्हा सतरा पूर्ण नव्हती. २०१०च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला कांस्य, आशियाईत पोहण्यात भारताला २४ वर्षांनी मिळालेलं पदक. मग तहसीलदाराची नोकरी लागली आणि स्पर्धात्मक पोहणं मागं पडलं. तिथून परत येऊन २०१८ला जकार्तात त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइलची फायनल गाठली. कांस्य हुकलं ते ०.०१ सेकंदानं! पण मी त्याकडं हार म्हणून बघत नाही. मोठ्या खंडानंतर शरीर पुन्हा त्या दर्जाला येऊ शकतं, याचा तो पुरावा आहे.

माझं काय झालं?

खरं सांगतो, चित्रपटासारखं काही नाही. परत आलो, पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत उतरलो, सातवा आलो. जुनं टायमिंग परत आलं नाही. पण खांदा आज शाबूत आहे, आणि उन्हाळ्यात गावच्या पोरांना मीच शिकवतो. पहिला नियम एकच: दुखलं की सांगायचं, रागावणार नाही.

तुमच्यासाठी एवढंच लक्षात ठेवा. पोहून दमल्यावर अंग जड होतं, ते एक-दोन दिवसांत जातं. पण दुखणं एकाच ठिकाणी टोचत असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात वर जात नसेल किंवा मुंग्या येत असतील, तर गोळी नको, डॉक्टर गाठा.

तुमचा खांदा, गुडघा काय म्हणतोय? कमेंटमध्ये लिहा. आणि दुखणं लपवणारा एखादा मित्र असेलच, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!