गावठी गुलाब ओळखायचा कसा?

नर्सरीत 'गावठी गुलाब' म्हणून मिळणारं रोप नेमकं कुठल्या जातीचं, हे फूल बघून सहसा कळत नाही. गुलाबी रंग आणि घमघमाट बऱ्याच जुन्या जातींत असतो. ('जुन्या' म्हणजे 1867 सालच्या 'ला फ्रान्स' या पहिल्या हायब्रिड टीच्या आधीपासून चालत आलेल्या घराण्यांतल्या.) म्हणून आधी फांदी बघावी.

दमास्क असेल तर फांदीवर भक्कम, आकडेदार काटे आणि त्यांच्या अधेमधे राठ, बारीक कुसं दिसतात. पान करडसर हिरवं, खालून लवदार. कळीखालचा हिरवा फुगवटा लांबट असतो, त्यावरची हिरवी दलं कडेला झालरीसारखी फाटलेली. कळीचा देठ चिमटीत चोळला की बोटं चिकटतात. अत्तराचा गुलाब तो हाच. किलोभर तेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात. पण त्याला थंडी लागते आणि उत्तरेतही तो मुख्यतः मार्च-एप्रिलमध्येच बहरतो.

त्यामुळे आपल्याकडे वर्षभर फुलणारं झाड कुणी दमास्क म्हणून दिलं, तर ते बहुधा एडवर्ड असतं. चिनी गुलाब आणि दमास्क यांचा हा संकर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सापडला. काटे त्या मानाने विरळ, पान तुकतुकीत, फूल गडद गुलाबी. माझ्या मते मैदानी महाराष्ट्रात दमास्कचा हट्ट न धरता हाच लावावा.

जुन्या अंगणातल्या झाडाला पांढऱ्या, एकेरी फुलांचे घोस येत असतील, तर पानाच्या देठाचा बुंधा बघा. तिथली हिरवी पट्टी कंगव्यासारखी दातेरी असेल तर मूळ कलम मेलंय आणि खालचा मल्टिफ्लोराचा खुंट माजलाय. डोळा भरलेल्या झाडाचं हे दुखणं नेहमीचंच.

ते टाळायचं तर गुलाब छाट कलमानेच लावावा. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेली पेन्सिलएवढी जाड, वीतभर काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका द्यावा आणि दोन डोळे मातीत पुरावेत. सावलीत ओल टिकवावी, पाणी साचू देऊ नये. कोंब फुटले म्हणजे मुळं धरली असं नाही. काडी उपटून बघण्याचा मोह आवरावा. नीट जोम धरल्यावरच रोप उन्हात न्यावं.

फुलं सकाळी, ऊन चढायच्या आत तोडावीत. नंतर वास उडतो. आणि गुलकंदाला फवारणी न केलेली घरचीच फुलं वापरा, हाराची नकोत.