वेग जोडावा कीं विकत घ्यावा?

मोटारगाडी नवी असतांना तिचे गुण दिसतात. दोन वर्षें लोटलीं म्हणजे उणिवा दिसूं लागतात. खंडाळ्याच्या चढावर मालमोटारीस मागें टाकावयाचें असतें, पाय पूर्ण दाबलेला असतो, गिअर आपोआप खालीं उतरतो, यंत्र आक्रोश करतें. पण गाडी कांहीं झेप घेत नाहीं. अशा वेळीं मालकापुढें दोन मार्ग उभे राहतात. आहे त्याच गाडीस टर्बोचार्जर जोडून तिची शक्ति वाढविणें हा एक; ही गाडी विकून अधिक वेगवान् गाडी घेणें हा दुसरा. पहिला मार्ग सकृद्दर्शनीं काटकसरीचा वाटतो. तो खरोखर तसा आहे काय, हें ठरविण्यापूर्वीं या उपकरणाचें कार्य समजून घेतलें पाहिजे.

पेट्रोल हें गाडीचें अन्न खरें. परंतु तें पचविण्यास हवा लागते. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा हवी. दीड लिटरचें यंत्र दर दोन फेऱ्यांत फार तर दीड लिटर हवा ओढूं शकतें, आणि तेवढ्या हवेचें वजन दोन ग्रॅमही भरत नाहीं. तेव्हां पेट्रोल कितीही ओतलें तरी जळावयाचें तें हवेच्या मानानेंच. म्हणून शक्ति वाढविण्याचे उपाय मुख्यतः तीन: यंत्र मोठें करावें, तें अधिक जलद फिरवावें, किंवा तेवढ्याच जागेंत अधिक हवा कोंबावी. टर्बोचार्जर हा तिसरा उपाय होय.

त्याची रचना साधी आहे. एका आंसाच्या दोन टोकांस दोन पंखेदार चक्रें बसविलेलीं असतात. सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतानें एक चक्र फिरतें. दुसरें चक्र त्याबरोबर फिरून बाहेरची हवा ओढतें व दाबून यंत्रांत पाठवितें. या चक्रांची गति मिनिटास एक लक्ष फेऱ्यांच्याही वर जाते. जो वायु एरवीं नळींतून वाया जावयाचा, त्याच्याकडूनच हें काम करून घेतलें जातें. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट नोंदविलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनें द्रवाच्या द्वारें एका चक्राची शक्ति दुसऱ्या चक्रास देण्याची युक्ति नोंदविली. तीच पुढें ‘टॉर्क कन्व्हर्टर’ या नांवानें स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत आली.

हीं दोन उपकरणें एकमेकांचीं वैरी नाहींत. गाडी जागेवरून हलतांना टॉर्क कन्व्हर्टर यंत्राचा पीळ सुमारें दुप्पट करून देतो. त्यामुळें टर्बोचार्जरचें चक्र वेग घेईपर्यंतचा विलंब फारसा जाणवत नाहीं. म्हणूनच अनेक कारखाने हीं दोन्ही एकत्र घालून उत्तम गाड्या बनवितात. प्रश्न एकत्र असण्याचा नाहीं. मागाहून जोडण्याचा आहे.

पहिली अडचण उष्णतेची. हवा दाबली कीं तापते. सायकलचा पंप मारतांना हा अनुभव प्रत्येकास येतो. ३० अंश तपमानाची हवा दीडपट दाबावर नेली तर गणितानेंच ती ६७ अंशांच्या आसपास जाते, आणि प्रत्यक्ष यंत्रांत त्याहून बरीच अधिक तापते. ही तापलेली हवा सिलिंडरांत पुन्हां दाबली गेली म्हणजे पेट्रोलाचें मिश्रण अवेळीं पेटूं लागतें, यंत्रांतून ठोके ऐकूं येतात आणि दट्ट्यास भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. यासाठीं हवा थंड करणारा इंटरकूलर बसवावा लागतो, पेट्रोलाचें व ठिणगीचें वेळापत्रक नव्यानें बांधावें लागतें, आणि कित्येकदां दट्ट्येच बदलावे लागतात.

ही अडचण मोठमोठ्या कारखान्यांनाही चुकली नाहीं. अमेरिकेंतील ओल्ड्समोबील कंपनीनें १९६२ सालीं ‘जेटफायर’ ही टर्बोचार्जर असलेली गाडी बाजारांत आणली. साडेतीन लिटरच्या यंत्रापासून २१५ अश्वशक्ति मिळे. परंतु ठोके टाळण्यासाठीं पाणी व मिथेनॉल यांचें मिश्रण एका वेगळ्या टाकींतून यंत्रांत सोडावें लागे. ही टाकी भरण्याचें मालक विसरत. टाकी रिकामी झाली कीं एक झडप दाब रोखून धरी आणि गाडीचा जोर ओसरे. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली, आणि १९६५ सालीं कंपनीनें टर्बोचार्जर काढून त्याच्या जागीं साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखविली. ज्या कारखान्याजवळ प्रयोगशाळा होती, त्याची ही कथा. मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तिगृहानें किती भरंवसा द्यावा?

दुसरी अडचण गिअरपेटीची. आणि स्वयंचलित गाडींत हीच अधिक बिकट. या पेटींत एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्या असतात, आणि त्यांना दाबून धरण्याचें काम तेल करतें. तेलाचा दाब किती असावा, हें गाडींतील संगणक कारखान्यानें दिलेल्या कोष्टकावरून ठरवितो. यंत्राचा जोर मागाहून वाढविला आणि कोष्टक जुनेंच राहिलें, तर चकत्या घसरतात, तेल करपतें व पेटी निकामी होते. दाब वाढविला तरी प्रत्येक पेटीस स्वतःची मर्यादा आहेच. झेड-एफ या जर्मन कंपनीच्या ‘८एचपी४५’ आणि ‘८एचपी७०’ या पेट्यांच्या नांवांतच ती दिसते: पहिली सुमारें ४५० न्यूटन-मीटर पीळ सोसते, दुसरी सुमारें ७००.

कारखानदार स्वतः काय करतो, हें पाहिलें म्हणजे शंका उरत नाहीं. ह्युंदाई कंपनीनें २०२३ सालीं भारतांत नवी ‘व्हर्ना’ आणली, तेव्हां तिच्यासाठीं दीड लिटरचीं दोन यंत्रें ठेविलीं. टर्बोचार्जर नसलेल्या यंत्राची शक्ति ११५ व पीळ १४४ न्यूटन-मीटर. टर्बोचार्जर असलेल्याची शक्ति १६० व पीळ २५३. पहिल्यास गिअरचें प्रमाण अखंड बदलत राहणारी स्वयंचलित पेटी दिली. दुसऱ्यास मात्र दोन क्लचांची, सात गिअरांची निराळी पेटी. पेट्रोल सोडण्याची पद्धतही निराळी. टर्बोचार्जर देतांना कारखान्यानें गाडीचें सारें अंतरंग बदललें. मागाहून टर्बोचार्जर जोडणारा मालक यांपैकीं एकच वस्तु विकत घेतो. बाकीच्या वस्तूंचें बिल त्यास हप्त्याहप्त्यानें येतें.

तिसरा विचार सुरक्षिततेचा. चालत्या गाडींतील ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. ताशीं ८० किलोमीटरऐवजीं १०० नें जाणारी गाडी थांबवितांना ब्रेकना दीडपटीहूनही अधिक ऊर्जा गिळावी लागते. शक्ति वाढविली आणि ब्रेक व टायर तेच ठेविले, तर घरांतील माणसें त्या जुन्या ब्रेकांच्या भरंवशावर बसलेलीं असतात. कायदाही येथें उभा आहे. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांस बंधन घालतें. २०१९ च्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारास ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. शिवाय अपघातानंतर विम्याच्या मागणीस हरकत निघूं शकते, ती वेगळीच.

याचा अर्थ टर्बोचार्जर जोडणें सर्वथा वेडेपणाचें असा नाहीं. ज्यास शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर गाडी पळवावयाची आहे, ज्याच्यापाशीं जाणता कारागीर आहे, आणि यंत्र मोडलें तरी ज्याचा दिनक्रम अडत नाहीं, त्याच्यासाठीं तो एक अभ्यासाचा व आनंदाचा उद्योग आहे. परंतु ज्या घरीं एकच गाडी, तीच कचेरीस जाणार, तीच रात्रीं दवाखान्यांत धांवणार, तेथें हिशेब निराळा करावा लागतो.

तो हिशेब असा. जोडणीच्या बाजूस केवळ उपकरणाची किंमत न मांडतां इंटरकूलर, संगणकाची नवी बांधणी, गिअरपेटीची मजबुती, ब्रेक, टायर आणि पुढें गाडी विकतांना घटणारी किंमत, हें सारें मांडावें. दुसऱ्या बाजूस जुनी गाडी विकून येणारी रक्कम वजा जातां नव्या, किंवा नीट पारखून घेतलेल्या जुन्या पण वेगवान् गाडीस लागणारी भर मांडावी. बहुतेक वेळां पहिल्या बाजूचा स्वस्तपणा या बेरजेंतच नाहींसा होतो. आणि दोन्ही खर्चांच्या आधीं हवेची गाळणी, ठिणगीचे प्लग व टायरांतील हवा एकदां तपासून घ्यावी. कारण कित्येक गाड्यांची हरवलेली शक्ति तेवढ्या दुरुस्तीनेंच परत मिळते.