किडनीचा रुग्ण आणि हृदयाचा ताल

किडनीच्या जुनाट आजारात जीवावर बेततं ते पुष्कळदा हृदयामुळे. हृदयविकार म्हटला की छातीतली कळ आणि तुंबलेली रक्तवाहिनी आठवते. पण अमेरिकेतल्या नोंदींनुसार डायलिसिसवरच्या रुग्णांचे साधारण एक चतुर्थांश मृत्यू हृदय अचानक बंद पडल्याने होतात, आणि त्यामागे अनेकदा बिघडलेला ताल असतो.

किडनी थकली की मीठ आणि पाणी अंगात साठतं, रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा डावा खालचा कप्पा जाड होतो, वरचा ताणला जातो आणि त्याच्या भिंतीत चिवट तंतू वाढतात. ठोक्याचा विद्युत संदेश मग सरळ वाटेने जात नाही. रक्तक्षय आणि वाढलेला फॉस्फरस त्यात भर घालतात.

यातून होणारा नेहमीचा बिघाड म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. त्यात वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडी वेडीवाकडी लागते. अमेरिकेतल्या ‘क्रिक’ या मोठ्या अभ्यासात, डायलिसिसची वेळ न आलेल्या किडनीच्या रुग्णांपैकीही १८ टक्के जणांत हा बिघाड आढळला. अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. ही शक्यता निरोगी माणसाच्या सुमारे पाचपट.

उपाय रक्त पातळ करण्याच्या गोळीचा, पण किडनीच्या रुग्णाला रक्तस्रावाचा धोकाही जास्त. अशा गोळ्यांपैकी डॅबिगाट्रान मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे ते अंगात साठतं. अपिक्सॅबानचा साधारण पाव भाग त्या वाटेने जातो. वॉरफॅरिन घेणाऱ्याला वरचेवर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, तपासावा लागतो. कुणाला काय द्यायचं यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही.

दुसरा बिघाड झटपट जीव घेतो. तो पोटॅशियमचा. रक्तातलं त्याचं प्रमाण लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असावं. जादा पोटॅशियम लघवीवाटे जातं. लघवीच कमी झाली तर ते रक्तात चढत जातं. ईसीजीवर आधी टी लहरी टोकदार दिसतात, मग रेषा रुंदावतात, आणि ठोका मंदावत थांबू शकतो. ठाणे-डोंबिवलीत रुग्णालयाच्या दाराशी शहाळेवाला असतोच आणि भेटायला येणारा रिकाम्या हाती यायचा नाही. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात चारशे ते सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तर अशा रुग्णाला दिवसभरात बहुधा दोन हजारांच्या आसपासच मुभा असते. एरवी औषधासारखं मानलं जाणारं शहाळं इथे घातक ठरतं. ‘लो सोडियम’ मीठही तसंच, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. बटाटा किंवा पालेभाजी चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून दिलं की बरंचसं पोटॅशियम निघून जातं. टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही ते वाढतं, पण गोळी परस्पर बंद करायची नसते.

डायलिसिसच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर फार महत्त्वाचं. २०११ साली अमेरिकेत सुमारे बत्तीस हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांतही, दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू इतर दिवसांपेक्षा जास्त होते: शंभर रुग्णवर्षांमागे १८ ऐवजी २२.१. आपल्याकडे खर्चापायी आणि मशिनच्या टंचाईपायी पुष्कळ जण दोनदाच घेतात. सोमवार-गुरुवारच्या पाळीत गुरुवारनंतर थेट सोमवार येतो. तोवर पोटॅशियम चढलेलं, अंगात दोन-चार किलो पाणी. मग मशिन चार तासांत ते सगळं खेचतं. ती घाईही तालाला मानवत नाही.

बदलापूर, टिटवाळ्याहून ठाण्याला किंवा मुंबईला डायलिसिसला जाणाऱ्याचं वेळापत्रक लोकलवर अवलंबून असतं. २६ जुलै २००५ च्या पुरात ती ठप्प झाली. २०२० मध्ये २३ मार्चपासून तर ती महिनोन्‌महिने सामान्यांसाठी बंद राहिली. अशा वेळी चुकलेली एक फेरी म्हणजे आणखी लांबलेला खंड. म्हणून पावसाळ्यात घराजवळचं दुसरं केंद्र आधीच विचारून ठेवणं शहाणपणाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं, पण ते योजनेतल्या रुग्णालयातच.

धडधड, अंधारी, पायांतली शक्ती अचानक जाणं किंवा झोपल्यावर दम लागणं दिसलं तर पुढच्या फेरीची वाट पाहायची नसते. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो वा जवळचं कुठलंही, ईसीजी मिनिटांत निघतो. पोटॅशियम चढलेलं असेल तर हृदय सांभाळण्यासाठी शिरेतून कॅल्शियम देतात, पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी इन्सुलिन आणि ग्लुकोज, आणि ते अंगाबाहेर काढण्यासाठी डायलिसिस. अपघात विभागात शिरताच शेवटचं डायलिसिस कधी झालं ते आधी सांगावं; नाहीतर अशक्तपणा समजून, आधीच पाणी साठलेल्या अंगाला सलाईन लावलं जाऊ शकतं.