पेडगावचा सावध सुभेदार

कोण? मीर मलिक हुसेन, म्हणजेच बहादुरखान कोकलताश. औरंगजेबाचा दूधभाऊ. 1672-73 मध्ये त्याच्याकडे दख्खनचा कारभार आला.

कुठे? पेडगाव, भीमेच्या उत्तर तीरावर. पलीकडे दौंड तालुका. गाव आज श्रीगोंदा तालुक्यात आहे. खानाची छावणी व भुईकोट 'बहादुरगड' म्हणून ओळखला गेला.

मतभेद कशावरून? मराठ्यांवर चढाईसाठी फौज अपुरी आहे, असे खानाचे म्हणणे. त्याने घाटवाटांवर तोफा आणि बंदूकधारी बसवून बचावाचा मार्ग धरला. सोबतचा दिलेरखान थेट किल्ल्यांवर चालून जाण्याच्या मताचा होता.

परिणाम
• 1674 : शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर लगेच, एका मराठा तुकडीने खानाला छावणीपासून दूर ओढले. दुसऱ्या मोठ्या तुकडीने मोकळी छावणी लुटली. एक कोटीचा ऐवज आणि 200 घोडे गेल्याची नोंद सांगितली जाते.
• 1675 : शिवाजी महाराजांनी खानाला तहाच्या बोलण्यात गुंतवले. त्याच काळात फोंडा जिंकला.
• 1677 : बादशहाने खानाला परत बोलावले.
• 1681 : खान पुन्हा दख्खनेत. संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटले. खान वेळेत पोहोचला नाही. नागरिकांची तक्रार थेट बादशहाकडे गेली. पुढच्या वर्षी औरंगजेब स्वतः औरंगाबादेत आला.

गल्लत नको : फेब्रुवारी 1689 मध्ये कैदेतील संभाजी महाराजांना याच बहादुरगडावर औरंगजेबासमोर आणले. त्यांची समाधी मात्र शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे.