म्हैसूरचा वळीव : ‘तुरळक ठिकाणी’चा अर्थ

मार्च ते मे या काळात म्हैसूरची भूमी तापते, दोन्ही समुद्रांवरील बाष्प वाऱ्यांबरोबर अंतर्गत कर्नाटकात पोहोचते आणि दुपारनंतर गडगडाटी मेघ उभे राहतात. आपल्याकडील वळीव तो हाच. एक शिवार भिजवून तो शेजारचे कोरडे ठेवतो. म्हणूनच अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द नीट वाचावेत; त्यांचा अर्थ, फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. हुणसूर भागात तंबाखूची लागवड मे महिन्यातील याच ओलीवर होते. शेजारच्या कोडगूत मार्च-एप्रिलच्या सरीनंतर सुमारे आठवड्याने कॉफी फुलते. मात्र ऐन फुलोऱ्यात पुन्हा पाऊस आल्यास परागीभवन बिघडते. त्यामुळे तुषार सिंचन सुरू करण्यापूर्वी मळेवाल्यास पुढील आठवड्याचा अंदाज पाहावाच लागतो.