उघडे कडे आणि चित्रकाराचा कागद

आपल्या भंडाऱ्याकडे दगड सहसा उघडा दिसत नाही. पाऊस लागला की तुमसरपलीकडच्या टेकड्या साग-बांबूंनी झाकून जातात. चिखला, डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजसाठी भूमी खणली म्हणून तिचे अंतरंग आपल्याला दिसले. परंतु काही प्रदेशांत हे काम निसर्गानेच करून ठेवले आहे. तशा एका ओसाड प्रदेशात काढलेल्या लहानशा जलरंगचित्राची ओळख येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

चित्रकाराचे नाव टॉमस मोरान. जन्म १८३७ चा, इंग्लंडातील बोल्टन गावी, हातमागावर विणणाऱ्या घरात. यंत्रमागापुढे हातमाग टिकेना, तेव्हा हे कुटुंब अमेरिकेस गेले. मोहाडी-पवनीच्या विणकरांना ही कथा परकी वाटू नये.

१८७१ साली हेडन ह्या भूशास्त्रज्ञाच्या सरकारी पाहणीपथकास मिळण्यासाठी मोरान पश्चिमेकडे निघाला. वाटेत वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर येथे तो आगगाडीतून उतरला आणि समोरचे कडे त्याने कागदावर उतरविले. पश्चिमेत काढलेले आपले पहिले चित्र हेच, अशी नोंद त्याने त्यावर केली. ते आज अमेरिकेत टल्सा येथील गिलक्रीज संग्रहालयात आहे.

हे कडे असे का दिसतात? सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तेथे मोठी सरोवरे होती. त्यांच्या तळाशी गाळाचे थर साचले व त्यांचा दगड झाला; त्यात माशांचे ठसे आजही सापडतात. पुढे नदीने आणि वाऱ्यापावसाने हे थर कोरले. वरचा कठीण वालुकाश्म टिकला, खालचा मऊ दगड झिजला, आणि मनोऱ्यांसारखे सुळके उभे राहिले. पाऊस थोडा, म्हणून झाडोरा विरळ. त्यामुळे पिवळे, तांबूस, राखी पट्टे उघडेच राहिले. आपल्या जिल्ह्यातले खडक ह्याहून कितीतरी पटींनी जुने. पण ते मातीआड आहेत.

अशा जागी जलरंगच सोयीचे. सामान थोडे, रंग लवकर सुकतो. आधी पेन्सिलीने आकार टिपावयाचा, मग पातळ रंगाचा एकेक हात द्यावयाचा. एक थर वाळल्यावर दुसरा! कडा जसा थराथराने बनला, तसेच चित्रही. उजेड दाखवावयाचा तेथे कागद कोरा सोडावयाचा किंवा दाट पांढऱ्याचा ठिपका द्यावयाचा.

ह्या छोट्या कागदांचे बळ मोठे होते. त्याच मोहिमेत मोरानने यलोस्टोन येथे काढलेली जलरंगचित्रे आणि जॅक्सन ह्याची छायाचित्रे वॉशिंग्टनमधील लोकप्रतिनिधींपुढे आली, आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान ठरले. त्याच वर्षी त्याचे तेथील दरीचे भव्य तैलचित्र अमेरिकन काँग्रेसने दहा हजार डॉलरला विकत घेतले.

येथपर्यंत सारे गोड आहे; पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ग्रीन रिव्हर हे तेव्हा रेल्वेचे गाव होते. अँड्र्यू रसेल ह्याने १८६८ साली घेतलेल्या छायाचित्रात त्याच कड्याखाली रेल्वेचा पूल दिसतो. मोरानने मात्र पुढे अनेक वर्षे ह्या कड्यांची तैलचित्रे काढली, तेव्हा रूळ व गाव गाळून आदिवासी घोडेस्वारांचा तांडा घातला. यलोस्टोनमध्ये ह्याच्या उलट घडले. त्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या वावरलेले शोशोनी आदी लोक पुढे उद्यानाबाहेर ठेवले गेले. चित्रात ज्यांना शोभेसाठी जागा मिळाली, त्यांना प्रत्यक्षात ती उरली नाही.

मग मोरान खोटा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. दगडाचा रंग, थरांची ठेवण, उन्हाचा कोन ह्यांत तो प्रामाणिक आहे. जागेची हुबेहूब नक्कल करणे आपले काम नव्हे, असे तो स्वतःही मानीत असे. परंतु चित्र पाहणाऱ्यावर एक जबाबदारी येते. चौकटीत काय आहे ते डोळे भरून पाहावे, आणि चौकटीबाहेर कोण राहिले तेही विचारावे. उद्या कोणी आपल्या वैनगंगेचे किंवा अंबागडाच्या डोंगराचे चित्र काढले, तर त्यात कोळ्याची नाव आणि मोळी घेऊन उतरणारी बाई आहे की नाही, हे आपण अवश्य पाहावे.