प्रश्न विचारण्याचा वारसा

‘पुस्तकात लिहिले आहे, ते खोटे कसे असेल?’ असे म्हणणारा विद्यार्थी आपल्याला गुणी वाटतो. ‘ते खरे कशावरून?’ असे विचारणारा उद्धट ठरतो. अनेक वर्षे वर्गात उभे राहिल्यावर मला वाटू लागले आहे की, आपली शाबासकी बहुधा चुकीच्या मुलाकडे जाते.

चिकित्सक बुद्धी ही युरोपची देणगी, आणि इस्लामी जगाचा भर केवळ श्रद्धेवर, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. इतिहासाचा त्याला दुजोरा नाही.

इब्न अल्-हैथम हा पंडित इ. स. ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मला आणि पुढे कैरोत राहिला. डोळ्यांतून किरण निघून वस्तूला भिडतात म्हणून ती दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी मानीत. याने साधा प्रश्न केला : मग प्रखर सूर्याकडे पाहताना डोळा का दुखावा? अर्थात प्रकाश बाहेरून डोळ्यात येत असला पाहिजे. ‘टॉलेमीविषयीच्या शंका’ या नावाचा स्वतंत्र ग्रंथच त्याने लिहिला. सत्यशोधकाने पूर्वसूरींच्या लेखनाची कसून परीक्षा करावी, आणि तसे करताना स्वतःच्या मतांवरही संशय ठेवावा, असे त्यात त्याने बजावले आहे. त्याच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाचा लॅटिन अनुवाद १५७२ साली बाझेल येथे छापला गेला. १६०४ साली केप्लरने दृष्टीची जी उपपत्ती मांडली, तिच्या मागे ही परंपरा उभी होती.

दुसरे उदाहरण धर्मपंडिताचेच आहे. बगदादच्या निझामिया विद्यापीठाचा मानाचा आचार्य अल्-गझाली याने १०९५ साली ते पद सोडले. आपल्या आत्मकथनात तो सांगतो की, एकदा त्याचा इंद्रियांवरचा विश्वास उडाला. तारा डोळ्यांना नाण्याएवढा दिसतो, पण गणित तो पृथ्वीहून मोठा असल्याचे सांगते. इंद्रिये फसवतात, तर बुद्धीही कशावरून फसवत नसेल? स्वप्नातले जगही स्वप्नात खरेच वाटते. सुमारे दोन महिने तो या संशयात होता. १६४१ साली देकार्तने नेमकी इंद्रियांची आणि स्वप्नाचीच शंका उपस्थित केली. गझालीला बाहेर काढले ते ईश्वराने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने. देकार्त सावरला तो ‘मी विचार करतो, म्हणजे मी आहे’ या निश्चितीने. वाटा निराळ्या, परंतु शंकेचा उंबरठा एकच.

या उंबरठ्यावर पहारे मात्र दोन्हीकडे बसले. कॉर्डोव्हाचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द ११९५ साली हद्दपार झाला आणि त्याचे ग्रंथ जाळण्यात आले. पॅरिसच्या बिशपने १२७७ साली २१९ विधाने निषिद्ध ठरवली; देकार्तच्या ग्रंथांवर रोमने १६६३ साली बंदी घातली. तात्पर्य, विवेक एका संस्कृतीचा आणि अंधता दुसरीची, अशी वाटणी करता येत नाही. दोन्ही प्रवृत्ती प्रत्येक समाजात नांदतात. आपण कोणती जोपासतो, एवढाच प्रश्न उरतो.

आणि हा वारसा आपल्यापासून दूरही नाही. इब्न अल्-हैथमच्या प्रकाशशास्त्रावर कमालुद्दीन फारिसी याने लिहिलेले अरबी भाष्य १९२८ ते १९३० या काळात आपल्याच हैदराबादेत, दाइरतुल-मआरिफ या संस्थेने छापले.

शंका म्हणजे केवळ नाकारणे नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे तपासताना आपलेही त्याच तराजूत घालावे लागते, आणि ते अधिक कठीण असते. म्हणून घरातले मूल ‘हे कशावरून?’ असे विचारील, तेव्हा त्याला गप्प करू नये. उत्तर ठाऊक असेल तर द्यावे. नसेल तर ‘चल, दोघे मिळून शोधू’ असे म्हणावे. त्यात वडीलधाऱ्यांचा मान उणावत नाही; उलट तो तेथेच खऱ्या अर्थाने सुरू होतो.